बुडालेल्या वेरेसोव्काची आठ सेकंदं

वेन्यामिन लुकिच शाबुरोव यांनी आयुष्यात एकतीस माहितीपट केले आणि कथाचित्रपट एकच. जवळजवळ तीन तपं मी त्यांची संकलक होते.

रशियातल्या कामा नदीवर धरण व्हायचं होतं, तेव्हा बुडणाऱ्या वेरेसोव्का गावात त्यांनी तो चित्रपट केला. एका विधवेचा पाय गावातून निघत नाही, एवढीच गोष्ट. नटी एक, बाकी सगळे गावकरी. सरकारी चित्रपट मंडळाने तो पाहिला. अध्यक्ष म्हणाले, "शाबुरोव, धरणासारखी आनंदाची गोष्ट, आणि तुमची माणसं रडतात कशाला? शेवट बदला."

"एक फ्रेमही कापणार नाही," लुकिच म्हणाले. रिळं कोठारात गेली.

मग आम्ही मधमाश्या, ट्रॅक्टर, बटाट्यावरची कीड, असलं काय काय करत राहिलो. दर वसंतात ते मॉस्कोला अर्ज धाडायचे, आणि कोठारात जाऊन डबे हुंगून यायचे. आंबूस वास आला की फिल्म सडली.

"नाही आला गं, रिम्मा! या वर्षी सोडतील बघ."

सव्वीस वर्षांनी सोडला. मॉस्कोत अकरा प्रेक्षक आले. वर्तमानपत्रात एक ओळसुद्धा नाही. लुकिच ती एकुलती एक प्रत घेऊन वेरेसोव्काची माणसं वसवली होती त्या वसाहतीत गेले. मीही गेले.

तिथल्या क्लबात चित्रपट लावला, पण कोणी गोष्ट बघेचना. "अगं, ते आपलं कुंपण!" "फ्योदोर बघ, केवढा तरणा!"

लुकिच माझ्या कानाशी कुरकुरले, "नटीकडे कुणाचं लक्षच नाही."

तेवढ्यात स्तेपानिदा नावाची म्हातारी उठली. पडद्यावर मागे, फाटकाला टेकून तिचा नवरा हसत होता. चित्रीकरणानंतर पुढच्याच वर्षी तो वारला होता.

"लुकिच, परत दाखव."

दाखवलं. पुन्हा दाखवलं.

"किती वेळा, बाई?"

"का, घाईत आहेस? हसतानाचा त्याचा एक फोटो नाही रे माझ्याकडे."

लुकिचनी प्रोजेक्टर थांबवला. मग म्हणाले, "रिम्मा, कात्री आण."

"अहो, प्रत एकच आहे!"

"आण म्हणतो ना."

आठ सेकंदांची पट्टी म्हातारीने खिडकीच्या उजेडात धरली आणि ओठ हलवत ती त्या चिमुकल्या चौकटींशी बोलत राहिली.

त्यानंतर दर उन्हाळ्यात लुकिच तिथे जायचे, स्तेपानिदाशेजारी, गाव गिळलेल्या पाण्याकडे तोंड करून बसायचे. नवी गोष्ट सुचली म्हणायचे, पण कॅमेरा कोणी दिला नाही. तिसऱ्या हिवाळ्यात ते वारले. त्या नव्या गोष्टीची संहिता माझ्याकडे आहे, सत्तेचाळीस पानं. शेवटचा प्रसंग लिहायचा राहिला.