नव्या दोराची ओवी

आमची ही गेली. गावात म्हणतात ती नव्या दोराची ओवी कुठून आली हे आम्हा दोघांनाच ठाऊक होतं. आता मी एकटा उरलो, म्हणून लिहितो. शाळा दुसरीपर्यंत झाली. चुकलं तर वाचणाऱ्यानं सुधारून घ्यावं.

स्वातंत्र्य येऊन थोडी वर्षं झाली होती. केळीच्या पाण्यावरून बांधावर भांडण पेटलं, मी एकाचं डोकं फोडलं आणि यावलकडून धुळ्याच्या तुरुंगात जाऊन पडलो. तिथं जात्यावर बसवलं. समोरासमोर दोघं बाप्ये, मधे खुंटा, दिवसभर ज्वारी. फोड फुटून खुंटा ओला व्हायचा.

भिंतीपलीकडे फाशीची शिक्षा झालेला एक गडी होता. पारोळ्याकडचा. वरच्या झरोक्यातून त्याचा आवाज आला, "भाऊ, तुमनं जातं मुकं शे का?"

मी म्हटलं, "ओव्या बाया म्हणतात. आम्ही काय लुगडं नेसलोय?"

"मंग दळनं बी बायास्नं काम शे. ते कसं करतस?"

जोडीदार इतका हसला की खुंटा सुटला. त्या दिवसापासून पलीकडचा गडी ओव्या म्हणायचा, आम्ही ओढायचो. दगड हलका वाटायचा, खोटं नाही सांगत. ओव्या त्याच्या स्वतःच्या होत्या:

लोखंडाच्या सासराला भिंती उंच, कुलूप थोर
मुऱ्हाळी येईल माझा, त्याच्या हाती नवा दोर

एकादशीला एक महाराज कैद्यांना उपदेश करायला आले. किडामुंगी मारू नका म्हणाले. मग त्या फाशीच्या गड्याच्या कोठडीपुढं उभं राहून म्हणाले, फाशी हा देवाचाच न्याय, आनंदानं स्वीकार. दुसऱ्या दिवशी झरोक्यातून आलं:

गळ्यात तुळशीमाळ, मुंगीला घाली साखर
माझ्या दोरावर म्हणे देवाचीच आहे मोहर

त्यानं काय केलं होतं, मी विचारलं नाही. फाशी द्यायला त्याला मोठ्या तुरुंगात हलवायचं ठरलं तेव्हा एवढंच बोलला, "भाऊ, मी ते चालनू. मन्या ओव्या बाहेर लई जा." मी म्हटलं, नेतो. लिहून घ्यायला कागद नव्हता आणि तेवढं अक्षरही नव्हतं. सुटेपर्यंत रोज तोंडात घोळवत राहिलो.

घरी आलो. ही दळत होती. पाणी पिण्याआधी ओव्या सांगितल्या. तिनं जातं थांबवलं.

"मुऱ्हाळी म्हणजे लेकीला माहेरी न्यायला आलेला माणूस. बाप्याला हे कुठून सुचलं? हा आईच्या जात्यापाशी वाढलाय हो."

मी तर महिनोन् महिने नुसता पोपट होतो. अर्थ तिनं दिला. मग रोज म्हणू लागली. गावचे बुवा शिधा मागायला आले की साखरेची ओवी मुद्दाम मोठ्यानं म्हणायची. बुवा मान डोलवायचे, "वा, माउली! मुंगीला साखर, हेच खरं पुण्य." बुवा वळले की ती पदर तोंडात कोंबायची.

पहिली ओवी मात्र शेजारणींनी उचलली. आखाजीच्या सणाला माहेरी आलेल्या पोरी निंबाच्या झोक्यावर बसल्या आणि तीच म्हणायला लागल्या. मुऱ्हाळी म्हणजे भाऊ आणि नवा दोर म्हणजे झोक्याचा, असं त्यांनी धरलं होतं. खिदळत होत्या. माझं डोकं फिरलं. तो गडी मेला आणि ह्या झोके घेतात! मी ओरडायला निघालो. हिनं हात धरला.

"कुठं निघालात?"

"तो फाशीचा दोर आहे, हे सांगायला."

"सांगा. मग एकजण तरी म्हणेल का? त्यानं ओव्या बाहेर न्यायला सांगितलं होतं की रडवायला?"

अशी बायको मला मिळाली, देवाचे उपकार. देव मी महाराजांच्या हातून घेतला नाही, तिच्याकडून घेतला.

झोक्याचा दोर फांदीला घासत होता. पोरींना उतरवून मी निंबावर चढलो, दोराखाली पोत्याची जाड घडी बांधली आणि खाली येऊन म्हटलं, "बसा. म्हणा आता, मोठ्यानं म्हणा."