फवाऱ्यातला शिंजीर

मे महिन्यातली संध्याकाळ होती. ऊन उतरलं तरी आमच्या नागपूरच्या गच्चीची फरशी अजून तापलेलीच होती. मान टाकलेल्या जास्वंदीवर मी पाइपने पाणी मारत होते. तेवढ्यात अंगठ्याएवढा एक जांभळा शिंजीर पक्षी कुठूनसा आला आणि थेट फवाऱ्यातच शिरला! ओल्या पानावरून घसरत, पंख फडफडवत तो चक्क आंघोळ करू लागला.

"अहो, लवकर या," मी दबक्या आवाजात नवऱ्याला हाक मारली, "पण चपला घालू नका, वाजतात!"

हे अनवाणीच आले आणि चटके बसून एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचू लागले. नजर मात्र शिंजिरावरच होती. "हात हलवू नकोस गं," ते कुजबुजले.

इतकी वर्षं मला वाटायचं, मी झाडांना पाणी घालते. या उन्हात आणखी कोण कोण त्या पाण्याची वाट बघत असेल, हे कधी मनातच आलं नव्हतं.

शिंजीर पंख झटकत तारेवर जाऊन बसला आणि लगेच त्याची पिवळसर मादी फवाऱ्यात उतरली.

"आता हिचा नंबर!" हे हरखून म्हणाले.

माझा हात भरून आला होता. मी तो तसाच धरून ठेवला.