बुंदीचा झारा आणि लढाऊ विमान

अमेरिकेत ॲन आर्बरला आमच्या शेजारी एक जपानी आजी राहतात. ऐंशी ओलांडलेल्या, एकट्या. त्यांचे वडील युद्धकाळात लढाऊ विमानांचे इंजिनिअर होते. विमानाचं वजन घटवणं हे त्यांचं काम. जिथे धातू दिसेल तिथे भोकं पाडायची. युद्ध हरल्यावर तिकडे विमानं बनवायला बंदी आली आणि हा माणूस भांड्यांच्या कारखान्यात लागला. हाताची सवय मात्र जाईना. डाव, कात्री, दाराची कडी, चपलांचे तळ, सगळ्यांना भोकं. "आमची शाळेची पट्टीसुद्धा सोडली नाही," आजी सांगतात. इकडे येताना त्यांनी असल्या वस्तूंची एक पेटीच बरोबर आणली होती.

गेल्या हिवाळ्यात एका विमान-संग्रहालयाचे दोघंजण पांढरे हातमोजे घालून आले. आजींनी पेटी दिली आणि "काय हवं ते घ्या" म्हणून स्वयंपाकघरही मोकळं करून दिलं. त्याच आठवड्यात मी त्यांना भजी तळायला माझा झारा दिला होता. तोही गेला.

मला ते कळलं थेट प्रदर्शनाच्या उद्घाटनाला. काचेच्या कपाटात, वरून दिवा सोडलेला, माझा झारा. खाली पाटी : 'भोकांच्या मांडणीत विमानाच्या पंखाची रचना स्पष्ट दिसते. दांड्यावरची सांकेतिक लिपी अद्याप उलगडलेली नाही.'

"अरे यार, ही तर आईंची लिपी!" नवरा म्हणाला. आईनं झारा पुण्याहून पाठवताना दांड्यावर स्वतःचं नाव घालून घेतलं होतं.

मी तिथल्या तज्ज्ञ गृहस्थांना गाठलं. "सॉरी, हा झारा माझा आहे. आम्ही ह्याच्यातून बुंदी पाडतो."

"पाडता?" त्यांनी वही उघडली. "किती उंचीवरून?"

"वीतभर."

त्यांनी तेही लिहून घेतलं.

शेवटी आजींनीच मधे पडून खुलासा केला. हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तीन आठवड्यांनी झारा घरी आला, सोबत चार पानी फॉर्म, 'वस्तूची अवस्था : किंचित तेलकट'.

रिकाम्या जागेसाठी दुसरं काहीतरी हवं म्हणून ते गृहस्थ पुन्हा आले. मीही होते. आजींनी आतल्या खोलीतली खुर्ची दाखवली. लोखंडी, पाठीला बोटभर जाड पत्रा आणि एकही भोक नाही.

"वजन वाचवायचं म्हणून पायलटच्या पाठीमागे पोलादी पत्रा लावायचाच नाही असं ठरलं होतं," त्या म्हणाल्या. "त्या कागदावर बाबांचीही सही होती. एकोणीस-वीस वर्षांची पोरं ती विमानं घेऊन गेली. बाबा त्याबद्दल घरात कधी बोलले नाहीत. म्हातारपणी ही खुर्ची केली आणि बोटीनं इथं माझ्याकडे पाठवली."

गृहस्थांनी खुर्ची उचलून पाहिली. ती जागची हलली नाही. त्यांनी पाठीवरून हात फिरवून भोकं शोधली आणि अवघडून म्हणाले, "ही त्यांच्या शैलीत बसत नाही हो."

"बरं," आजी म्हणाल्या.

ते गेल्यावर मी चहा ठेवला. खुर्ची खिडकीकडे वळवायला आम्हा दोघींना तीनदा जोर लावावा लागला. मग आजी तिच्यात पाठ टेकून बसल्या आणि म्हणाल्या, "साखर जरा जास्त घाल."