मधूच्या पुढचा वारा

सायकल शर्यतीतले जुने लोक टपरीवर जमले की किस्से निघतात, आणि दर वेळी ढीग वाढलेला असतो. फक्त ते सगळे जिंकणाऱ्यांचे असतात. माझे पुढे राहूनही हरल्याचे आहेत.

ऐंशीच्या दशकात धुळ्याच्या एका सूतगिरणीने मला आणि मधूला नोकरी दिली, ती सायकल चालवायला. मधू हुकमी एक्का. माझं काम एकच, त्याच्या पुढे राहून वारा अंगावर घ्यायचा. तो मागे आडोशाला दम राखून बसायचा आणि शेवटी मला मागे टाकून चुन्याची रेघ ओलांडायचा. ती रेघ एकदा तरी आपण पहिल्यांदा ओलांडावी, एवढीच माझी हाव होती.

* * *

सरावात पारोळ्याजवळ पंक्चर झालं. तेव्हा गावोगाव चौकात आठ-आठ दिवस खाली न उतरता सायकल फिरवण्याचा खेळ करणारे यायचे. पारावरच्या एका आबांना आम्ही तसलेच वाटलो.

"पोऱ्या, कितला दिनना खेय शे तुना?" त्यांनी मधूला विचारलं.

मधूचा चेहरा पडला. आबांना दया आली, त्यांनी एक नोट त्याच्या बनियनला टाचणीने लावली. वारा खाऊन अर्धमेला झालो होतो मी. नोट मधूला!

* * *

उन्हाळ्यात जळगावहून धुळ्याला येताना वारा समोरून थोबाडीत मारतो. ती शर्यत मधूने जिंकली, पेपरात फोटो आला. फोटोच्या कडेला एक कोपर होतं, ते माझं. आमच्या हिने कात्रण जपून ठेवलं. पाहुणे आले की कौतुकाने कोपर दाखवायची. शेवटी मीच ते फाडून टाकलं.

* * *

भुसावळच्या शर्यतीआधी मधूने शब्द दिला, की ही तुझी. अर्ध्या वाटेत त्याचं पुढचं चाक वाकलं. मी माझं काढून दिलं. तो जिंकला आणि बक्षीस घेताना माइकवर त्याने चाकाचे आभार मानले! मी तेव्हा केळीच्या ट्रकमध्ये, घडांच्या शेजारी बसून येत होतो.

* * *

मग मधूचा गुडघा गेला आणि गिरणीने त्याला टीमचा मॅनेजर केलं. ब्लेझर, केबिन, जीप. मला वाटलं, आता आपली पाळी. त्याने बोलावून चहा पाजला.

"वसंता, आता पोरं घ्यावी लागतील. तुझं वय झालं."

आम्ही एका वर्गातले, आणि तो तिथे नापास होऊन आलेला. वर म्हणाला, जीप तू चालव, पुढे बसायची तुला सवय आहे. संताप आला. घरी खाणारी तोंडं होती, म्हणून किल्ली घेतली.

* * *

नव्वदच्या दशकात मधूचा सत्कार झाला. फागण्याहून धुळ्यापर्यंत त्याने सायकलवर यायचं, बँड वाजत असताना जुन्या दिवसांसारखी चुन्याची रेघ पहिल्यांदा ओलांडायची, असं ठरलं. पुढे वाऱ्याला अर्थातच मी.

मधूचं पोट सुटलेलं. थोड्या वेळाने मागून आवाज आला, "वसंता, हळू घे."

मी हळू घेतलं नाही. पुन्हा हाक आली, मग ऐकू येईनाशी झाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी माझ्यासाठी पाय मारत होतो. डोळ्यांत पाणी आलं, त्यात वारा. रेघ ओलांडली आणि दोन्ही हात वर केले.

बिल्ला लावलेला एक कार्यकर्ता धावत आला. एका हाताने त्याने माझं हँडल धरलं, दुसऱ्याने मागचा रस्ता दाखवला.

"भाऊ, बाजूले व्हा. पहिला नंबर मांगून यी राहिना."