आधी माझ्या पोटाला लावा

काल गुडघ्याच्या शेकासाठी फिजिओथेरपीवाल्या मुलीनं थंडगार जेल लावलं आणि मी थेट चोवीस वर्षं मागे, परळच्या प्रसूतिगृहात जाऊन पोचलो. खाटेवर नववा महिना भरत आलेली माझी बायको शुभदा, तिच्या पोटाला पट्टे बांधलेले आणि यंत्रातून बाळाच्या ठोक्यांचा आवाज. मध्येच तो मंदावायचा.

"ठोके उतरतायत. सिझर करावं लागेल. सही करा," सिस्टर म्हणाल्या.

मी सावध झालो. ठोक्यांची भीती घालतात आणि कापतात, असं ऑफिसात सगळ्यांनी बजावलं होतं. सिस्टरनी हातातल्या छोट्या यंत्रानंही तेच मंद ठोके ऐकवले. मी म्हणालो, "दोन्ही एकाच कंपनीची दिसतात. आधी माझ्या पोटाला लावून दाखवा."

"थिएटर तयार होतंय, तोवर या," म्हणत त्यांनी खरंच माझा शर्ट वर केला, पोटाला थंडगार जेल लावलं आणि ते छोटं यंत्र टेकवलं. आधी सकाळच्या वड्याची गुडगुड ऐकू आली, मग जोरात धडधड.

"एकशे तीस! मोठ्या माणसाचे एवढे ठोके असतात का? बघा, बिघडलंय!" मी यंत्रावरचा आकडा दाखवला.

"यंत्र ठीक आहे हो. तुम्ही घाबरलायत."

तेवढ्यात शुभदा हळूच म्हणाली, "अहो, बाळ सकाळपासून हललेलं नाही. दोनदा सांगितलं मी तुम्हाला."

मी सही केली. लेक सुखरूप आली.

घरच्या समारंभांत हा किस्सा मी अजून रंगवून सांगतो, पण वड्याच्या गुडगुडीपाशीच थांबतो. सगळे हसतात. शुभदा तेवढ्यात चहा टाकायला आत गेलेली असते.