बॉम्बे हिल्स उतरताना इम्पाला

मी गाडीखाली पाठीवर पडले होते. अंगाखाली पुठ्ठा, हातात टॉर्च, नाकात जुन्या ग्रीसचा वास. बाहेर हिनेआंटींच्या रबरी चपला सतत इकडून तिकडे जाताना दिसत होत्या.

"मेघा, काय दिसतंय?"

"चासी दिसतेय."

"कशी आहे?"

"आंटी, आधी बघू तर द्या!"

ही २०१६ सालातली गोष्ट. ऐन उन्हाळा, म्हणजे इथे ऑकलंडकडे फेब्रुवारी. हॅमिल्टनच्या बाहेर एका शेतकऱ्याच्या शेडमध्ये चौसष्ट सालची अमेरिकन इम्पाला गाडी उभी होती. फिकट निळा रंग, भलंमोठं बॉनेट, मागे दोन्ही बाजूंना तीन-तीन गोल लाल दिवे. शेतकऱ्याने ती कॅलिफोर्नियाहून मागवली होती, त्यामुळे स्टिअरिंग डावीकडे. त्याचे गुडघे गेले म्हणून तो विकत होता. टाउरंगाहून दुसरं गिऱ्हाईक दुपारी येणार होतं. घ्यायची की नाही, हे आम्हाला त्याआधी ठरवायचं होतं.

मी मेकॅनिक. पिंपरीत ऑटोमोबाइलचा डिप्लोमा केला, पुढे शिकायला ऑकलंडला आले आणि हेन्डरसनमधल्या एका गॅरेजमध्ये चिकटले. आमचा मालक ग्रॅहम जुन्या गाड्यांचं काम घ्यायचा. कुणी जुनी गाडी विकत घेणार असेल तर आधी आम्ही ती तपासून द्यायचो.

हिनेआंटी ऑकलंडमधल्याच मनुरेवाच्या. माओरी, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांपैकी, सत्तरी ओलांडलेल्या, निवृत्त स्कूलबस ड्रायव्हर. इथे मोठ्या माणसांनाही नावाने हाक मारतात, पण माओरी घरांत वडीलधाऱ्या बाईला सर्रास ‘आंटी’ म्हणतात. मला ते फार सोयीचं पडलं.

त्यांच्या नवऱ्याकडे, टॉमकडे, लग्नाच्या वेळी अशीच एक इम्पाला होती.

"दहा वर्षं होती आमच्याकडे," येताना वाटेत आंटी सांगत होत्या. "दर रविवारी बीचवर जायचो. मागच्या सीटवर पोरं, पोहण्याचे ओले कपडे, वाळू. पण मला त्याने एकदाही चालवू दिली नाही. मी रोज पोरांनी भरलेली बस चालवायचे, बरं का! पण त्याची गाडी म्हटली की, ‘हिने, तुला नाही जमायचं.’"

आता टॉमना या वयात ही खरेदी म्हणजे वेडेपणा वाटत होता. ते बरोबर आलेच नाहीत.

मी तपासायला लागले. जुन्या गाडीत पहिला शत्रू गंज. तो पुट्टी भरून आणि वरून रंग मारून लपवता येतो. म्हणून आम्ही मऊ फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक पत्र्यावरून फिरवतो. पत्रा असेल तिथे ते चिकटतं, पुट्टी असेल तिथे घसरतं. या गाडीवर ते एका मडगार्डचा कोपरा सोडून सगळीकडे चिकटलं. चासी ठणठणीत. चाकं काढून ब्रेक पाहिले, ठीक होते. पेडल जोर लावून दाबून धरलं, तसूभरही खाली गेलं नाही. वॉरंट, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्यालायक असल्याचा दाखला, तोही चालू होता.

"चालू करून बघा," शेतकरी म्हणाला.

आंटी आत बसल्या. किल्ली फिरवली. इंजिन दोनदा कुरकुरलं आणि मग व्ही-एट पेटलं. व्ही-एट म्हणजे आठ सिलिंडर, चार इकडे चार तिकडे. तो आवाज कानाने ऐकायचा नसतोच, तो बरगड्यांत ऐकू येतो. शेडचा पत्रा थरथरला. आंटींनी तोंडावर हात घेतला आणि माझ्याकडे पाहिलं.

"घ्या," मी म्हणाले.

शेतकऱ्याने टाउरंगाच्या माणसाला फोन करून येऊ नका म्हणून सांगितलं.

माझी गाडी मी शेतकऱ्याच्या अंगणातच ठेवली आणि आम्ही इम्पालातून निघालो. काय सांगू तुम्हाला! पुढची सीट म्हणजे अख्खा सोफा, दारापासून दारापर्यंत सलग. समोर ते बॉनेट पसरलेलं. अ‍ॅक्सिलरेटर जरा दाबला की गाडी पुढे झेपावत नाही, तुम्हाला उचलून नेते. उजवीकडे मी बसलेले, आणि माझ्यासमोर स्टिअरिंग नाही. शेजारून जाणारे लोक माझ्याकडे बघून दचकायचे. मग गाडीकडे बघून हॉर्न वाजवायचे, अंगठा दाखवायचे. हायवेला लागण्याआधीच्या दुपदरी रस्त्यावर मला एक कामही होतं. आंटी डावीकडे बसल्यामुळे पुढच्या ट्रकच्या पलीकडचं त्यांना दिसत नसे.

"मोकळं आहे?"

"थांबा… थांबा… आता जा!"

आणि आम्ही जायचो. आंटी मोठ्याने हसत होत्या. मीही ओरडत होते. पंधरा वर्षांच्या मुली असाव्यात तशा.

हॅमिल्टनहून ऑकलंडला येताना बॉम्बे हिल्स लागतात. नाव खरंच तेच आहे. चढ संपला की मोटरवे लांब उताराने ड्रुरीकडे जातो. आम्ही माथ्यावर आलो, उतार सुरू झाला, आणि पुढे कंटेनर लादलेला एक ट्रक हळू झाला. आंटींनी ब्रेक दाबला.

"मेघा," त्या म्हणाल्या. आवाज अगदी साधा. "पेडल खाली गेलं."

"परत दाबा. पंप करा."

"केलं. काहीच नाही."

इथे एक गोष्ट सांगायला हवी. ब्रेकचं पेडल दाबलं की एक तेल पाइपांमधून चाकांकडे ढकललं जातं आणि त्या दाबाने ब्रेक लागतात. आजच्या गाड्यांत त्याचे दोन वेगळे मार्ग असतात. एक फुटला तरी दुसरा काम करतो. चौसष्टच्या गाडीत एकच मार्ग. कुठेही भोक पडलं की चारही चाकांचे ब्रेक गेले.

ट्रक जवळ येत होता.

"आंटी, डावीकडे रस्त्याच्या कडेला घ्या. पेडलच्या डावीकडे पार्किंग ब्रेक आहे, पायाचा. तो हळूहळू दाबा. पण आधी डॅशबोर्डखालची त्याची रिलीजची मूठ ओढून धरा, सोडू नका. नाहीतर तो अडकून बसेल, मागची चाकं लॉक होतील आणि आपण गरगर फिरू."

"डावा हात मुठीवर, डावा पाय ब्रेकवर," त्या म्हणाल्या. "गिअर कोण टाकणार?"

गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या उजव्या अंगाला होता. मी पट्टा सोडला, त्या सोफ्यासारख्या सीटवरून सरकत आंटींना चिकटले आणि दांडा खाली ओढून ‘लो’मध्ये टाकला. खालच्या गिअरमध्ये इंजिनच चाकांना मागे खेचतं. व्ही-एट किंचाळलं. गाडीने नाक खाली घातलं. आंटींनी एका हाताने ते अवाढव्य स्टिअरिंग इंच-इंच डावीकडे नेलं, धक्का नाही, घाई नाही. ट्रकचा मागचा कोपरा माझ्या खिडकीशेजारून गेला. टायरखाली खडी वाजली. मागून जळल्याचा वास आला. मग गाडी मंद झाली, अजून मंद झाली, आणि थांबली.

आंटींनी इंजिन बंद केलं. त्यांचा हात अजून त्या मुठीवरच होता, मीच तो सोडवला.

"मोकळं आहे?" त्यांनी विचारलं, आणि आम्ही दोघी हसत सुटलो. माझ्या डोळ्यांत पाणी होतं, तरी हसू थांबेना.

ग्रॅहम स्वतः टो ट्रक घेऊन आला. गॅरेजमध्ये गाडी लिफ्टवर चढवली. मागच्या ॲक्सलवरून जाणारा ब्रेकचा लोखंडी पाइप त्याला धरून ठेवणाऱ्या एका क्लिपखाली सडला होता. क्लिपखाली पाणी साचतं, गंज आत आत खात जातो. क्लिप उचकटल्याशिवाय तो दिसत नाही.

तेवढ्यात टॉम आले. काठी टेकत, चेहरा लाल. त्यांना आंटींनी फोनवर सगळं सांगितलं होतं.

"विकून टाक," ते म्हणाले. "आज. आत्ता. मेली असतीस तू."

"नाही मेले."

"हिने, मी चालवत असतो तर मी सुद्धा—"

"तू काय केलं असतंस?"

टॉम माझ्याकडे वळले. "खरं सांग, हिने घाबरली होती?"

"मी घाबरले होते," मी म्हणाले. "गाडी त्यांनी थांबवली."

टॉमनी लिफ्टवरच्या गाडीभोवती एक फेरी मारली. बोटाने तो सडलेला पाइप दाबून पाहिला. बराच वेळ ते ग्रॅहमशी ब्रेकबद्दल खालच्या आवाजात बोलत होते. विकण्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

आम्ही सगळे पाइप नवे घातले आणि ब्रेकचे दोन वेगळे मार्ग करून घेतले. असा बदल केला की इथे त्याची वेगळी तपासणी करून घ्यावी लागते. तीही झाली. गाडी न्यायला दोघं आले तेव्हा मी सवयीने किल्ली टॉमसमोर धरली.

"मला काय देतेस?" ते म्हणाले. "ड्रायव्हर ती आहे."

आणि ते जाऊन उजवीकडच्या, स्टिअरिंग नसलेल्या सीटवर बसले. आंटींनी व्ही-एट पेटवलं, आमच्या गॅरेजच्या काचा थरथरवल्या आणि हात हलवत हेन्डरसनच्या ट्रॅफिकमध्ये घुसल्या. नंतर ती दोघं त्या गाडीने थेट उत्तरेच्या टोकापर्यंत जाऊन आली. वाळू परत मागच्या सीटवर होती, सर्व्हिसिंगला मीच ती झाडली.

त्या दिवसापासून माझा नियम एकच. जुनी गाडी तपासताना ब्रेक-पाइपवरची प्रत्येक क्लिप काढून बघायची. गाडीचा मालक कंटाळला तर कंटाळू दे. गिऱ्हाइकांनाही मी सांगते, आधी ब्रेक करा, मग रंगाचं बघू. बहुतेक जण मान डोलावतात आणि निळ्यात कुठली शेड चांगली दिसेल, ते विचारतात.