साक्ष चालू असताना

आफ्रिकेतल्या मलावीहून परत आल्यावर आमच्या चर्चच्या, म्हणजे मंडळीच्या, मासिकासाठी संपादकांनी माझ्याकडे दोन पानं मागितली. विषय त्यांनीच ठरवलेला, नव्या देशाचं पहिलं दर्शन. मी लिहून दिलं. लाल माती, आंब्याची झाडं, हसऱ्या बाया, देवाची कृपा. ते छापून आलं, लोकांनी कौतुकही केलं. त्यात खोटं काही नव्हतं. पण जे सांगायला हवं होतं ते मी गिळून टाकलं होतं, आणि ते काही पचलं नाही.

तिथल्या मंडळ्यांच्या भेटीला आम्ही पाच जण गेलो होतो. पाळकसाहेब, त्यांच्या पत्नी, गाणारे दोन तरुण आणि साक्ष देणारी मी. साक्ष म्हणजे देवानं आपल्याला कुठून उचलून कुठं आणलं, ते चारचौघांत उभं राहून सांगणं. माझी साक्ष आमच्या भागात गाजलेली आहे. ऊसतोड्याची पोर, मिशनच्या वसतिगृहात वाढली, नर्स झाली. कुठं थांबायचं, कुठं आवाज खाली घ्यायचा, लोक कुठं आमेन म्हणणार, सगळं मला पाठ आहे. पंधरा मिनिटांत मी भल्याभल्यांना रडवते. आई त्यात दोन वाक्यांत मरते. तिला त्याहून जास्त वेळ देता येत नाही, पुढं नर्सिंगचं शिक्षण यायचं असतं.

विमानतळावरून आम्हाला न्यायला एक जुनी मिनीबस आली होती. मी खिडकीजवळ बसले. रस्त्याच्या कडेनं बाया चालत होत्या, कमरेला रंगीत कापड गुंडाळलेलं, पाठीला पोर बांधलेलं, डोक्यावर चुंबळ आणि चुंबळीवर ओझं. पाळकसाहेबांच्या पत्नी दर फर्लांगाला चुकचुकत होत्या, "काय हो ही गरिबी." मला मनातून हसू येत होतं. बाईंचा जन्म पुण्यात गेलेला, आमच्या बीडकडं, शिरूर कासारच्या बाजूला, त्या कधी फिरकल्याच नव्हत्या. मला तर पहिला तासभर माहेरी आल्यासारखं वाटत होतं.

मग घाट उतरून आम्ही सखल भागात आलो आणि दोन्ही बाजूंना ऊस लागला. जिकडं बघावं तिकडं ऊस. आमच्याकडं ऊस बहुतेक हिरवाच तोडतात. तिथं आधी फड पेटवून देतात, पाचट जळून जातं, आणि मग माणसं आत शिरतात. फडातून बाहेर आलेली माणसं ट्रकच्या सावलीत बसली होती, कपड्यांवर, पापण्यांवर राख. एक बाई गुडघ्यावर हात ठेवून नुसती समोर बघत होती. ते बसणं मला ओळखीचं होतं. मी खिडकी लावून घेतली. पाळकसाहेबांनी विचारलं, "गाडी लागते का?" मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी आम्हाला एका वसतिगृहात नेलं. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठीच ते बांधलेलं होतं. भिंत, लोखंडी फाटक, फाटकापासून व्हरांड्यापर्यंत चुन्याचे पट्टे. दोन रांगांत उभी पोरं टाळ्या वाजवत स्वागताचं गाणं म्हणत होती. त्यांच्या केसांना नुकतंच पाणी लावलेलं होतं. गाडीतून उतरताना माझा पाय अडखळला, कारण त्या रांगेत मी उभी राहिलेली आहे.

आमचं वसतिगृह बीड तालुक्यात, सोलापूरकडं जाणाऱ्या हायवेला लागून होतं. वडील मी लहान असतानाच गेले होते. आई मावशीबरोबर तोडीला जायची. घरात बाबासाहेबांचा फोटो होता आणि पोरीनं शिकलं पाहिजे हे आईनं पक्कं धरलं होतं. वसतिगृह कुठल्या धर्माचं, याच्याशी तिला कर्तव्य नव्हतं, तिथं शाळा होती. ती मॅट्रनबाईंना जयभीम म्हणायची, त्या तिला ख्रिस्ती रीतीनं सलाम म्हणायच्या, आणि दोघींचं बरं जमायचं. भेटायचा दिवस मात्र रविवार. आई गेली त्या वर्षी दिवाळीनंतरच्या रविवारी ती येऊन गेली तेव्हा मी तिचा पदर सोडेना. ती म्हणाली, "कावून रडतीस? पाडव्याला येतोच की आमी. आन् जायच्या दिशी गाडी हितूनच जाणार हाय. उतरून भेटते तुला."

टोळीच्या मुकादमानं ट्रक नेमका त्या दिवशी काढला ज्या दिवशी आमच्याकडं परदेशी पाहुणे आले होते. आठ दिवस आमची तालीम चालली होती. मी पुढच्या रांगेत होते, कारण माझा आवाज चांगला होता. गाणं झालं, मग एका पाहुणीचं भाषण झालं, ते कुणीतरी मराठीत सांगत होतं. लई लांबलं. त्या बाईचे पांढरे बूट मला अजून आठवतात. नंतर तिनं सगळ्यांना गोळ्या वाटल्या, माझ्या गालाला हात लावला आणि पुढं गेली. जेवण झाल्यावर स्वयंपाकीणबाईंनी माझ्या हातात एक गाठोडं दिलं. तुझी आई येऊन गेली, म्हणाल्या. त्यात धपाटे होते आणि शेंगदाण्याचे लाडू. गार झाले होते.

त्याच हंगामात, कर्नाटकातल्या एका फडात, डोक्यावर मोळी घेऊन गाडीच्या फळीवर चढताना आई पडली. ती पुन्हा उठली नाही. मला ते चार दिवसांनी कळलं.

फाटकाशी काय झालं ते मावशीनं मला पुढं कधीतरी सांगितलं. "उभी होती तुजी आय. गज धरून उभी होती. तू गात होतीस ते दिसत होतं तिला. वाचमन म्हनला, पावणे हायत, मंग सोडतो. ड्रायव्हर हारन वाजवून वाजवून दमला. मीच वडून आनली तिला." मी विचारलं, काही म्हणाली का? मावशी म्हणाली, "न्हाई. गाडीत बसल्यावर म्हनली, पोरगी ग्वाड गाती."

हे मी साक्षीत कधीच सांगितलं नाही. त्या पांढऱ्या बुटांच्या बाईला मात्र मी पुढं वर्षानुवर्षं शिव्या दिल्या. बाप्तिस्मा घेतल्यावरही दिल्या. ती चार शब्द कमी बोलली असती तर मला आई भेटली असती, हा माझा हिशेब होता. आणि गालाला हात लावणाऱ्या त्या बाईनं माझं नावसुद्धा विचारलं नव्हतं, याचा रागही त्यात होताच.

मलावीत गाणं संपल्यावर मला व्हरांड्यात उभं केलं. मी माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलत होते आणि तिथले पाळक त्यांच्या भाषेत सांगत होते. समोर पोरं बसलेली, मागं गावातल्या मंडळीच्या बाया. साक्ष रंगात आली होती. माझ्यासारखी आईविना राहिलेली पोर, असं म्हणायची वेळ आली, आणि मला फाटक दिसलं. बाहेर एक बाई उभी होती. एका हातानं गज धरलेला, दुसऱ्या हातात गाठोडं. तिच्या मागं रस्त्यावर माणसांनी भरलेला ट्रक होता, इंजिन चालू. पहारेकरी तिला हातानंच थांब म्हणत होता. ती पोरांच्या रांगांमधून कुणालातरी शोधत होती.

मी पाठ केलेलं सोडून दिलं. म्हटलं, "फाटकाशी कुणाची तरी आई आली आहे. तिला आत घ्या. तिला जायचं आहे." पाळकांनी ते जसंच्या तसं सांगितलं. बायांनी एका आवाजात आमेन म्हटलं. त्यांना वाटलं, हा माझ्याच गोष्टीतला भाग आहे. मी हात करून म्हटलं, "आत्ता. तिथं बघा. ती उभी आहे." पाळकांनीही तसाच हात करून ते सांगितलं, माझ्याहून जास्त कळवळून. मागच्या बाया जिभा हलवून आनंदाचा किलकिलाट करू लागल्या. दोघींनी कमरेच्या कापडाचं टोक पदरासारखं डोळ्यांना लावलं. एकानंही मान वळवून मागं पाहिलं नाही. देवदूत दिसल्यासारखं बोलणारी बाई त्यांच्यासमोर उभी होती, मग फाटकाकडं कोण बघणार?

त्या वेळी मी खाली उतरायला हवं होतं. चार पायऱ्या होत्या, पुढं जेमतेम तीस पावलं. मला कुणीही अडवलं नसतं. पण आमच्या पाळकसाहेबांनी मनगटावरच्या घड्याळावर बोट ठेवलं, आटपा म्हणून, आणि मी आटपायला लागले. खरं कारण तेही नव्हतं. इतकं मोठं आमेन मला आजवर कुठं मिळालं नव्हतं. मी त्या आमेनवर स्वार झाले आणि नर्सिंगच्या शिक्षणापर्यंत पोचले. पाच मिनिटं लागली असतील. मध्ये एकदा, मग दोनदा हॉर्न वाजला. मी आवाज वाढवला.

मी फाटकाशी पोचले तेव्हा रस्त्यावर फक्त धूळ होती. पहारेकऱ्याच्या स्टुलावर गाठोडं ठेवलेलं होतं. मी ते उचललं. आत उकडलेल्या शेंगा असाव्यात, कापडातून ओल लागत होती. गाठोडं अजून गरम होतं. ते हातात धरून मी फाटकात रडले. पाळकसाहेबांच्या पत्नी पाठीवर हात फिरवत म्हणाल्या, "फार छान झाली हो साक्ष."

तिथल्या मॅट्रननी पहारेकऱ्याकडून मुलीचं नाव विचारून घेतलं आणि तिला हाक मारली. मला म्हणाल्या, पाहुण्यांच्या हातूनच द्या, तिला आवडेल. नऊ-दहा वर्षांची पोर पुढं आली. गाठोड्याचं कापड बघताच तिनं ते ओळखलं. तिनं फाटकाकडं पाहिलं, मग रस्त्याकडं, मग माझ्याकडं. त्या देशात मोठ्यांच्या हातून काही घ्यायचं तर मुली गुडघे टेकतात. तिनं माझ्यासमोर गुडघे टेकले, दोन्ही हात पुढं केले आणि म्हणाली, "झिकोमो." त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ आभारी आहे. तिच्या स्वतःच्या आईचं गाठोडं, आणि आभार माझे. मला तिला उचलून घ्यावंसं वाटलं, पण मी तिच्या गालाला हात लावला. त्याहून वेगळं मला काही सुचलं नाही. गाणाऱ्यांपैकी एकानं तेवढ्यात फोटो काढला.

तोच फोटो मासिकात माझ्या दोन पानांवर छापला आहे. खाली लिहिलंय, मुलांना खाऊचं वाटप. माझ्या पायात पांढरे बूट आहेत. प्रवासाला बरे म्हणून घेतले होते, फोटो बघेपर्यंत लक्षातही आलं नव्हतं.

ती मुलगी मला किती वर्षं शिव्या देईल, ते तिचं तिनं ठरवावं. तिचा तो हक्क आहे. मला फक्त एकच जाणून घ्यायचंय, हंगाम संपल्यावर तिची आई परत आली का. फाटकातून माझं भाषण ऐकून गेलेली ती बाई नंतर लेकीला भेटली का. तिथल्या पाळकांना मी फोनवर तीनदा निरोप लिहिला. तिसऱ्यांदा उत्तर आलं. सगळी मुलं मजेत आहेत, तुमच्या साक्षीची लोक अजून आठवण काढतात, आणि तुम्ही कोणत्या मुलीबद्दल विचारताय, तिचं नाव कळवा.

नाव मला कळवता आलं नाही. मॅट्रननी तिला हाक मारली होती, पण मी तेव्हा गाठोड्याकडं बघत होते, आणि नंतर तिला विचारायचं राहून गेलं.